चार सह्या आणि ८८ वर्षे

आपल्या महाविद्यालयात वादविवादाचा विषय कोणताही ठेवा, तिसरा वक्ता येईपर्यंत चर्चा धर्मावर येऊन ठेपते. मग सभागृहात दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे, की धर्म ही अफूची गोळी असून आजवर माणसाला जखडण्यापलीकडे त्याने दुसरे काही केलेले नाही. दुसऱ्या तटाचे हुकमी पान म्हणजे गुलामांच्या व्यापाराचा अंत. ‘माणसांची खरेदी-विक्री कोणी बंद पाडली? धर्मनिष्ठ माणसांनीच ना?’ असा सवाल टाकून वक्ता टाळ्या घेतो व खाली बसतो. उत्तरपत्रिकेत आपण तरी वेगळे काय करतो? ‘ख्रिस्ती धर्मसुधारकांच्या मानवतावादी प्रेरणेतून ही प्रथा नष्ट झाली’ असे एक गुळगुळीत वाक्य लिहायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे.

हे दोन्ही तट मला सारखेच आळशी वाटतात. धर्माने गुलामगिरी मोडली, हे म्हणणे खरे नाही. धर्माचा तिच्याशी काही संबंध नव्हता, हेही खरे नाही. घडले ते असे, की एका धर्मपंथातल्या मूठभर माणसांनी आपल्याच पंथबांधवांशी भांडण उकरून काढले आणि ते भांडण ८८ वर्षे चालले. त्या काळात पंथाची तत्त्वे तसूभरही बदलली नाहीत. बदलली ती फक्त एक गोष्ट, आणि तीच मला महत्त्वाची वाटते. पण आधी हकीकत.

सतराव्या-अठराव्या शतकांत अटलांटिक महासागरावरून आफ्रिकी माणसांचा व्यापार ऐन भरात होता. या सबंध उद्योगावर धर्माचे छत्र होते. नोहाने आपल्या नातवाला, म्हणजे हामच्या मुलाला, दिलेल्या शापाची बायबलातली कथा हाताशी होतीच. ती आफ्रिकी माणसाला चिकटवली की झाले. गुलामाला बाप्तिस्मा दिला तर तो ख्रिस्ती होईल, आणि ख्रिस्ती माणसाला बांधून कसे ठेवायचे, अशी मालकांना धास्ती होती. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६६७ साली कायदा करून ती दूर केली : बाप्तिस्म्याने गुलामाची गुलामी संपत नाही! आत्मा देवाचा, शरीर मालकाचे. त्याहून बोलके उदाहरण बार्बाडोस बेटाचे आहे. तेथला कॉड्रिंग्टन हा उसाचा मळा १७१० साली मृत्युपत्राने इंग्लंडच्या एका धर्मप्रचारक संस्थेकडे आला. या संस्थेचे काम शुभवर्तमानाचा प्रसार करणे. मळ्यातल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जाई. विश्वस्त मंडळी लंडनमध्ये प्रार्थना म्हणत होती आणि मळ्याचा हिशेब तपासत होती. त्यांना त्यात विसंगती दिसली असे वाटत नाही.

जॉन न्यूटनचेही नाव येथे घेतले पाहिजे, कारण दुसऱ्या तटाचे वक्ते ते हटकून घेतात. ‘अमेझिंग ग्रेस’ या जगप्रसिद्ध स्तोत्राचा हा कर्ता. १७४८ मध्ये भर समुद्रात वादळात सापडला असता त्याला देव आठवला आणि गुलामांचा व्यापारी साधू झाला, अशी कथा रंगवून सांगितली जाते. कथेतले वादळ खरे आहे. पण त्या साक्षात्कारानंतर न्यूटन गुलामवाहू जहाजांचा कप्तान झाला आणि १७५४ पर्यंत त्याने त्या फेऱ्या केल्या. वर कप्तान प्रार्थना करी, खाली साखळदंडातली माणसे कण्हत. व्यापार त्याने सोडला तो प्रकृतीच्या कारणाने. त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले ते १७८८ मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी. नुसत्या धर्मजागृतीने काय होते आणि काय होत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

आता त्या पंथाकडे वळू. क्वेकर हा इंग्लंडात सतराव्या शतकाच्या मध्यास निघालेला पंथ. पुरोहित नाही, मूर्ती नाही, संस्कारांचे अवडंबर नाही. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश आहे, हे त्यांचे मूळ तत्त्व. शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, राजापुढेही टोपी काढायची नाही. या वागणुकीपायी त्यांनी तुरुंगवास भोगला, फटके खाल्ले. त्यांतलाच विल्यम पेन याने अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया वसवले, सर्वांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले. आणि स्वतः गुलाम बाळगले. इतर सुखवस्तू क्वेकरांनीही बाळगले. अंतरीचा प्रकाश सगळ्यांत आहे हे मान्य. पण कपाशी, साखर आणि घरकाम यांचा प्रश्न वेगळा!

फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन नावाची वस्ती १६८३ मध्ये उभी राहिली होती. तेथे ऱ्हाइनकाठाहून आलेले विणकर राहत. त्यांपैकी चौघांनी १६८८ च्या एप्रिलमध्ये एक निवेदन लिहून आपल्या सभेपुढे ठेवले. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस हा कायदा शिकलेला गृहस्थ, डेरिक आणि अब्राहम ऑप डेन ग्राफ हे विणकर भाऊ, आणि गॅरेट हेंडरिक्स. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींत एखाद्या धर्मसभेपुढे आलेले गुलामगिरीविरुद्धचे हे पहिले लेखी निवेदन मानले जाते. या मंडळींचे इंग्रजी कच्चे होते. वाक्ये अडखळतात, क्रियापदे भलत्या जागी येतात. पण युक्तिवाद मात्र कोठेही अडखळत नाही.

ते म्हणतात, समुद्रप्रवासात तुर्की जहाज दिसले की आपल्या छातीत धडकी भरते, कारण ते आपल्याला धरून नेतील व विकतील. मग आपण जे करतो ते तुर्कांहून बरे कसे? चोरी करू नये असे आपण शिकवतो. माणूस पळवून आणणारा चोर, तर तो विकत घेणारा कोण? व्यभिचार पाप म्हणता आणि नवऱ्यापासून बायको तोडून तिसऱ्याला विकता? युरोपातले लोक ऐकतील, की क्वेकर मंडळी येथे माणसांना गुरांसारखे वागवतात, तेव्हा ते काय म्हणतील? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. उद्या हे गुलाम उठले, तर शस्त्र न धरणारे तुम्ही शस्त्र धरणार काय? तुम्हाला त्यांना गुलामीत ठेवण्याचा जेवढा हक्क, तेवढाच स्वातंत्र्यासाठी लढण्याचा हक्क त्यांना नाही काय?

याला उत्तर देणे सोपे नव्हते, म्हणून ते दिले गेले नाही. पुढे जे घडले ते कोणत्याही सरकारी कचेरीचे उंबरे झिजवलेल्या माणसाला ओळखीचे वाटेल. मासिक सभेने म्हटले, विषय फार भारी आहे, आम्ही त्यात हात घालणे योग्य नव्हे. तो त्रैमासिक सभेकडे पाठवावा. त्रैमासिक सभेने तो वार्षिक सभेकडे पाठवला. वार्षिक सभेने ठरवले, की या विषयाचा इतर अनेक गोष्टींशी संबंध असल्याने आम्ही निर्णय देणे उचित होणार नाही. कोणीही निवेदन चूक ठरवले नाही. कोणी चौघांना रागावलेही नाही. कागद दप्तरात गेला, तो १८४४ मध्ये कोणाच्या तरी हाती लागला, पुन्हा गहाळ झाला आणि २००५ मध्ये फिलाडेल्फियातल्या त्यांच्या सभागृहाच्या तिजोरीखोलीत पुन्हा सापडला.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत अधूनमधून कोणी ना कोणी तोच प्रश्न काढी. बहुतेकांची गत तीच झाली. मग आला बेंजामिन ले.

बेंजामिन ले जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला माणूस. इंग्लंडातल्या एसेक्सचा, काही काळ खलाशी. सन १७१८ च्या सुमारास तो बायकोसह बार्बाडोसला गेला व तेथे त्याने दुकान थाटले. दुकानाच्या दाराशी उपाशी गुलाम येत. तेथल्या एका गुलामाची हकीकत त्याने नोंदवून ठेवली आहे. तो पिंपे बनवणारा कुशल कारागीर होता आणि त्याचा मालक दर सोमवारी सकाळी त्याला फटके मारी. एका रविवारी रात्री त्या कारागिराने जीव दिला. ही बेटावरची वर्षे ले कधीच विसरला नाही. १७३२ मध्ये तो फिलाडेल्फियास आला तेव्हा तेथले प्रतिष्ठित क्वेकर गुलाम बाळगताना त्याला दिसले आणि त्याच्या जिभेवर ताबा राहिला नाही. १७३७ मध्ये त्याने एक पुस्तक छापून घेतले. त्यात गुलाम बाळगणारे सर्व धर्मभ्रष्ट होत, असे नावांनिशी लिहिले. पुस्तक छापले बेंजामिन फ्रँकलिनने, पण मुद्रक म्हणून आपले नाव त्यावर घालण्याचे धाडस त्याला झाले नाही.

पुढच्या वर्षी बर्लिंग्टन येथे वार्षिक सभा होती. ले मोठा कोट घालून आला. कोटाच्या आत सैनिकी पोशाख व तलवार, आणि हातात बायबलसारखा दिसणारा पोकळ ग्रंथ. त्यात लाल रानफळांच्या रसाने भरलेली पिशवी दडवलेली होती. सभेत उठून त्याने कोट फेकला व गुलाम बाळगणाऱ्यांचे रक्त देव असेच सांडील, अशा अर्थाचे काही बोलून तलवार ग्रंथात खुपसली. आजूबाजूच्या सभ्य स्त्री-पुरुषांच्या अंगावर तांबडे शिंतोडे उडाले. एकदा तो हिवाळ्यात प्रार्थनागृहाच्या दाराशी एक पाय उघडा बर्फात रोवून उभा राहिला. ‘अहो, आजारी पडाल’ असे कोणी म्हटले, की तो विचारी, ‘तुमच्या शेतावर सबंध हिवाळा अपुऱ्या कपड्यांत राबणाऱ्यांची काळजी का नाही करत?’ एका गुलाममालक शेजाऱ्याचे मूल त्याने दिवसभर आपल्याकडे ठेवून घेतले आणि आईबाप रडत शोधायला निघाले तेव्हा सांगितले, की तुमच्या घरातल्या त्या मुलीच्या आईबापांचे आता काय होत असेल ते समजा. क्वेकरांनी त्याला समाजाबाहेर काढले. गावाबाहेर गुहेसारख्या घरात तो राहू लागला. आपल्यापुरते पिकवून खाई, आपले सूत आपण काती, मांस खात नसे आणि गुलामांनी पिकवलेल्या साखरेला शिवत नसे.

जॉन वुलमन याच्या अगदी उलट. हा शिंप्याचा व्यवसाय करणारा मृदू स्वभावाचा माणूस. विशीत असताना तो एका दुकानात कारकुनी करी. एके दिवशी मालकाने सांगितले, मी माझी गुलाम बाई विकली आहे, विक्रीखत लिही. घेणारा येऊन थांबला आहे. घेणारा वृद्ध क्वेकरच होता. वुलमनने खत लिहून दिले, पण त्या दोघांसमोरच म्हणाला, की माणूस बाळगणे मला ख्रिस्ती धर्माशी विसंगत वाटते. लिहून तर दिले, याची टोचणी मात्र राहिली. पुढे कोणी मृत्युपत्रात गुलाम मुलांना वारसाहक्काने देऊ लागला, की तो लेखणी खाली ठेवी. दक्षिणेतल्या वसाहतींत फिरताना तो गुलाम असलेल्या क्वेकरांच्या घरी उतरे आणि निघताना चांदीची नाणी काढी. ज्यांनी आपली सेवा केली त्यांच्या श्रमाचे हे मोल आहे, असे सांगून ती गुलामांच्या हाती पडतील असे पाही. यजमानाला केवढी शरम वाटली असेल याची कल्पना करा. ज्याच्याकडे पाहुणा म्हणून जेवलो त्याला पैसे देणे हा आपल्याकडेही अपमानच! पण शब्द एकही कठोर नाही. रंगवलेले कपडे त्याने सोडले. १७७२ मध्ये इंग्लंडात गेला तेव्हा टपालगाड्यांच्या घोड्यांचे व त्यांवरच्या पोरांचे हाल पाहून तो गाडीत बसेना, पायी हिंडला. यॉर्क येथे देवीच्या रोगाने त्याच वर्षी वारला.

इतिहासकारांचा कल वुलमनकडे असतो. ले विक्षिप्त, वुलमन संत, असा साधारण निवाडा. मला तो पटत नाही. वुलमनला वडीलधाऱ्यांनी आत बसू दिले, कारण बाहेर ले बर्फात उभा होता. सभ्य माणसाचे ऐकले नाही तर कोणाचे ऐकावे लागेल, हे वडीलधाऱ्यांना एव्हाना समजले होते. अर्थात एकट्या लेला त्यांनी आणखी पन्नास वर्षे बाहेर ठेवले असते, हेही कबूल करायला हवे.

आता ती बदललेली गोष्ट. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ मध्ये ठराव केला, की यापुढे जो गुलाम विकत घेईल वा विकेल त्याला समाजाच्या कामकाजात भाग घेता येणार नाही. गुलाम असलेल्या प्रत्येक घरी जाऊन मालकाशी बोलण्यासाठी एक समिती नेमली. तीत वुलमन होता. ही बातमी म्हाताऱ्या लेला कळली तेव्हा त्याने देवाचे आभार मानले, आता सुखाने मरेन म्हणाला आणि १७५९ च्या फेब्रुवारीत वारला. त्यानंतर अठरा वर्षे ही समित्यांची मंडळी घरोघर फिरली. एकेका घरी पाच-पाच वेळा, दहा-दहा वेळा. शेवटी १७७६ मध्ये निर्णय झाला : जो आपले गुलाम मुक्त करणार नाही त्याला समाजातून काढून टाकावे.

अंतरीच्या प्रकाशाचे तत्त्व १६८८ मध्ये होते, १७७६ मध्येही तेच होते. फरक एवढाच, की तोवर ते तत्त्व सभेत म्हणायचे होते, आता ते सभासदत्वाची अट झाले. गुलामगिरी पाप आहे, हे मान्य असणारे लोक १६८८ मध्येही पुष्कळ होते. पण पाप मान्य असण्याला खर्च येत नाही. ‘गुलाम ठेवा किंवा आमच्यात बसा, दोन्ही जमणार नाही’ असे भाऊबंदांना सांगायला खर्च येतो.

आमचे अर्थशास्त्राचे मित्र म्हणतील, पेन्सिल्व्हेनियात गव्हाची शेती, तिला गुलामांचे मोठे तांडे लागत नाहीत. तेव्हा ही नीतिमत्ता स्वस्तात पडली. आक्षेप वाजवी आहे. पण नॉर्थ कॅरोलायनात काय झाले तेही पाहा. तेथल्या क्वेकरांनी गुलाम सोडले, तर १७७७ च्या कायद्याने सोडलेल्या माणसांना पकडून पुन्हा विकता येई! तेव्हा १८०८ पासून तेथली वार्षिक सभाच आपल्या सभासदांचे गुलाम कागदोपत्री स्वतःच्या नावावर घेऊ लागली. गुलामगिरी निषिद्ध मानणारी धर्मसभा कायद्याच्या दृष्टीने शेकडो गुलामांची मालक झाली, ती त्यांना हळूहळू मुक्त प्रदेशांत पोचवता यावे म्हणून. पुढे तेथले कितीतरी क्वेकर घरदार सोडून ओहायो, इंडियानाकडे निघून गेले. हे स्वस्तात पडले असे कसे म्हणावे?

तरीही क्वेकरांना डोक्यावर घेऊन नाचण्याचे कारण नाही. मुक्त झालेला कृष्णवर्णीय त्यांच्या सभेत आला, तर त्याच्यासाठी बाक वेगळा असे. हे बाक पुष्कळ काळ राहिले. आणि गुलाम स्वतः काय करीत होते, हे विसरून ही सगळी कथा गोऱ्या सज्जनांच्या मनःपरिवर्तनाची म्हणून सांगणे हा आणखी एक अन्याय आहे. जमेकात १८३१ च्या नाताळात गुलामांचा जो उठाव झाला त्याचा म्होरक्या सॅम्युएल शार्प हा बॅप्टिस्ट मंडळीतला उपदेशक होता. ज्या बायबलने मालकांना हामचा शाप दिला त्याच बायबलात त्याने एका माणसाला दोन धनी नसतात हे वाचले. काम बंद ठेवायचे असे ठरले होते. आगी लागल्या, गोळ्या चालल्या. ३०० हून अधिक गुलाम मृत्युदंडाने मेले. शार्प मे १८३२ मध्ये फासावर गेला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला.

त्या संसदेपर्यंत गोष्ट गेली तीही फिलाडेल्फियाहूनच. अँथनी बेनेझेट हा क्वेकर शिक्षक कृष्णवर्णीय मुलांना रात्री आपल्या घरी शिकवी. त्याने गिनीच्या किनाऱ्याविषयी लिहिलेले पुस्तक केंब्रिजच्या थॉमस क्लार्कसन या विद्यार्थ्याच्या हाती १७८५ मध्ये पडले. क्लार्कसनला लॅटिन निबंधस्पर्धेत बक्षीस हवे होते. (आपल्यापैकी कोणी निबंधस्पर्धेला नाके मुरडत असेल तर त्याने हे ध्यानात ठेवावे.) बक्षीस मिळाले, पण मजकूर डोक्यातून जाईना. १७८७ च्या मेमध्ये लंडनला बारा जणांची समिती झाली. त्यांतले नऊ क्वेकर होते. १८०७ मध्ये व्यापार बंद झाला, १८३३ मध्ये गुलामगिरी. दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली गेली, ती मालकांना! कॉड्रिंग्टनच्या धर्मप्रचारकांनाही त्यातला वाटा मिळाला. गुलामांना एक पैसाही नाही.

आणि हा १८३३ चा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला, म्हणजे आपल्याला, लागू नव्हता. गुलामांच्या साखरेवर बहिष्कार घालणाऱ्या इंग्रज बायका त्याच काळात हिंदुस्थानची साखर वापरीत. ती गुलामांनी केलेली नाही, अशी अक्षरे साखरेच्या भांड्यांवर काढलेली असत. येथल्या वेठबिगारांची व विकत घेतलेल्या माणसांची त्यांना खबर नसावी. येथल्या गुलामगिरीविषयीचा कायदा १८४३ मध्ये आला.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी धागा जोडला तो जोतीराव फुले यांनी. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये घटनेनेच संपली, आणि १८७३ मध्ये पुण्याहून ‘गुलामगिरी’ निघाली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण होऊन. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला, त्याचा कित्ता माझ्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी गिरवावा, अशी इच्छा तीत आहे. ही अर्पणपत्रिका आपण सहसा जोतीरावांच्या व्यापक दृष्टीचा नमुना म्हणून वाचतो व पान उलटतो. मला तीत दुसरेच काही दिसते. गौरव कोणाचा केला आहे? ज्यांनी आपल्याच लोकांच्या ताब्यातली माणसे सोडवण्यासाठी आपल्याच लोकांशी वैर घेतले त्यांचा. आणि कित्ता कोणी गिरवायचा आहे? म्हणजे ती एका परीने १६८८ चेच निवेदन आहे. येथल्या वार्षिक सभेकडे पाठवलेले. तिचे काय झाले, मासिक सभेने ते त्रैमासिक सभेकडे कसे ढकलले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने शोधण्यासारखे आहे.

इतिहास मंडळाला माझी एक सूचना आहे. येत्या वर्षी ‘धर्म : शाप की वरदान’ असा विषय कृपा करून ठेवू नये. त्याऐवजी जर्मनटाउनचे ते दोन पानी निवेदन कोणी तरी मराठीत आणावे, त्याची चक्रमुद्रित प्रत प्रत्येकाला द्यावी, त्याशेजारी ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका ठेवावी आणि अध्यक्षस्थानी प्राध्यापक महाशयांना न बसवता त्यांनाही आमच्याबरोबर बाकांवर बसवावे. भाषांतराचे काम कोणी घेत नसेल, तर मी घेतो.